वडगावच्या मागावर काथ्या

वडगावहून निघालो त्या सकाळी आमच्या बोळात नेहमीचा खडखडाट नव्हता. ज्या यंत्रमागांवर मी आणि नवरा साड्या विणायचो, ते मालकानं विकून टाकले होते. नवऱ्याला अंकोल्याजवळ एका नारळाच्या बागेत राखणीचं काम मिळालं होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "विणकराची लेक तू. माडाखाली बसून काय करणार हाईस?" लेकीला कडेवर घेतलं आणि बसमध्ये चढले.

वडगावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना आज आप्पांच्या त्या प्रश्नाचं उत्तर सांगते.

सुरुवातीला उकाडा सोसेना आणि कोकणी कळेना. आपल्याकडं बांधावर एखादा माड, इथं नजर जाईल तिकडं माडच. खोबरं घाण्याला जायचं, करवंट्या कोळशाला, झावळ्यांच्या हिरांचे खराटे व्हायचे. सोडणांचे, म्हणजे नारळावरच्या जाड सालींचे, मात्र ढीग पडायचे आणि बागेच्या मालकीणबाई ते जाळून टाकायच्या. शेजारची एक म्हातारी तेवढी थोडी सोडणं खाडीत भिजवून, कुटून काथ्या काढायची आणि त्याचा सुंभ वळायची. तिच्याजवळ बसून मीही शिकले. सुंभ हातात आला आणि वाटलं, हा धागाच की. धागा आहे तर माग हवा.

आप्पांचा हातमाग सुटा करून माळ्यावर टाकलेला होता. मी फोनवर मागितला तेव्हा ते रागावले. ज्यावर लुगडी झाली त्यावर पायपुसणी विणायची, हे त्यांना सहन होईना. पण थोड्याच दिवसांत टेम्पोतून माग आला आणि त्याच्यासोबत आप्पाही. तुला एकटीला जोडता येणार नाही म्हणून आलो, असं म्हणाले. पहिल्याच दिवशी जाड सुंभानं मागाची फणी मोडली. मी रडकुंडीला आले. आप्पांनी सुताराकडून जाड, विरळ फणी करून घेतली, स्वतःचे तळहात सोलून घेतले आणि पहिली चटई उतरवली. तिला साडीसारखे काठ होते. "बेडा, बेडा", म्हणजे कन्नडात नको नको, करत मालकीणबाईंनी ती दारात काही घालू दिली नाही, सोप्यात अंथरली. सोडणं जाळणं तेव्हापासून थांबलं.

आता इथला सुंभ बसनं वडगावला जातो. आप्पांनी परत जाऊन तिथले बंद पडलेले आणखी हातमाग शोधून उभे केलेत आणि बोळातल्या बायका त्यांवर चटया विणतात. काथ्याचा उरलेला भुसा मी माडांच्या बुंध्याशी घालते, ओल टिकून राहते.

परवा शाळेत बाईंनी लेकीला गाव विचारलं. तिनं दोन्ही सांगितली. एकच सांग म्हटल्यावर ती घरी येऊन मला विचारायला लागली. मी म्हणाले, "अंकोला." पण मग दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं. शेवटी आप्पांना फोन करून सांगितलं. पलीकडं मागाचा आवाज थांबला आणि ते हसले.

"बरं केलंस गं. वडगाव काय कुठं पळून चाललं न्हाय."