बुधवारची तिसरी शिफ्ट

कुरुळीच्या विजयश्रीने चौदा वर्षं एका कंपनीच्या टाइम ऑफिसात शिफ्टचे तक्ते लिहिले. तक्ता गेटवरच्या फळ्यावर लागायचा, माणसं माना वर करून उभी राहायची, आणि ज्याला फळा बघायला जमलं नाही तो हमखास चुकीच्या शिफ्टला यायचा. हे प्रत्येकाच्या मोबाईलवर दिसायला हवं, असं तिच्या मनाने घेतलं. चाळिशीत तिने नोकरी सोडली आणि पिंपळे गुरवच्या भाच्याला, कुलदीपला, कॅलेंडर बनवायला बसवलं.

कुलदीप सॉफ्टवेअर शिकलेला. त्याचा बेत भलताच मोठा. "आत्या, जगात कुणालाही चालेल असं बनवू. वाढदिवस, मीटिंग, सण, सगळं!"

"जगाचं नंतर बघू. आधी साठ माणसांची एक शेड धर. आठ दिवस तिच्या गेटवर बस, लोक फळ्यावर काय शोधतात ते बघ, आणि मग तुझी बटणं बनव."

तो तीन दिवस बसला. चौथ्या दिवशी ऊन लागतं म्हणाला.

शेड होती सोपानरावांची. जुन्या शेतकरी घरातला माणूस, आता चाकणच्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारा. ते म्हणाले, "महिनाभर वापरून बघतो. जमलं तर माझ्या तिन्ही शेडला लावू. न्हाई जमलं तर फळा हाय आपला." आसपासचे शेडवाले त्यांच्याच शब्दावर चालत. ते नको म्हणाले असते तर विजयश्रीला दुसरं कुणी दारात उभं केलं नसतं.

शुक्रवारी सुरू केलं, आणि गुरुवारी, आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळीच सोपानरावांचा फोन आला.

"विजूताई, रातच्या तिसऱ्या शिफ्टला बारातला एकच आला! बाकीच्यांच्या मोबाईलवर सुट्टी!"

"तो एक कसा आला, आबा?"

"त्याचा मोबाईल बंद पडलाय!"

कुलदीपला चूक कळेचना. "बुधवारी रात्री अकरा ते सकाळी सात. आठातले सात तास गुरुवारात जातात. म्हणून शिफ्ट गुरुवारची धरली. गणित बरोबर आहे, आत्या."

"गणित बरोबर, पण मशीन बंद राहिलं ना बाळा."

रागवायला तोंड उघडलं आणि तिलाच थांबावं लागलं. चौदा वर्षं ती शिफ्ट तिने बुधवारच्याच रकान्यात लिहिली होती. हातात इतकं बसलेलं, की पोराला सांगायचं सुचलंच नाही.

"एकादशी आपण कशी धरतो?" तिने विचारलं. "सूर्योदयाला जी तिथी, ती त्या दिवसाची. रात्री बारा वाजले म्हणून आपला दिवस बदलत नाही. या शेडचाही दिवस सकाळी सातला उगवतो, तो दुसऱ्या सातपर्यंत. तसं करून दे. आणि यापुढे कुठल्याही कारखान्यात गेलास, की पहिलं हेच विचारायचं."

दुपारी ती सोपानरावांसमोर उभी राहिली. "चूक माझी. पोराला सांगायचं ते मी सांगितलं नाही. एक बुधवार द्या. तोवर फळा मी स्वतः लिहीन. मोबाईल आणि फळा जुळले नाहीत, तर तुम्ही म्हणायच्या आधी मीच बंद करते."

सोपानराव म्हणाले, "शिकलेली मानसं आजवर माझ्यापुढं कॉम्प्युटरलाच शिव्या घालत आली. बरं. एक बुधवार."

ती रोज खडू घेऊन फळ्याशी गेली. एकेक नाव मोबाईलशी ताडून पाहिलं. काळजी होती, पण धास्ती नव्हती. हे काम तिचं होतं.

पुढच्या गुरुवारी देवापाशी दिवा लावून ती सातच्या आत गेटवर पोचली. भोंगा वाजला, माणसं डबे घेऊन बाहेर पडू लागली. तिने मोजली. नऊ, दहा, अकरा, बारा.

"काय ताई," बारावा म्हणाला, "मागल्यासारखी सुट्टी द्यायची की!"

मागून सोपानराव हसत आले. "उद्यापासून बाकीच्या दोन्ही शेड घे."

"नको आबा. आधी या शेडचा महिना पुरा होऊ द्या."

"अगं, धंदा करायला आलीस का गिऱ्हाईक परतवून लावायला?"

"धंदाच करायचाय," ती म्हणाली. "म्हणून तर एकेक शेड घेणार."

"घे बाई, तुझ्या मतानं घे," सोपानराव म्हणाले, आणि तिला चहाला घेऊन गेले.