फायकसच्या भावकीतली सोयरीक

तर काल कुठवर आलो होतो आपण? हां, गुणाजी धुरी लॉबीतल्या रबराच्या झाडाला पाटी बांधत होते, तार दातांत धरली होती, आणि पाटीवरचं नाव वाचून ती तार तोंडातून गळून पडली, इथवर.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जावं लागेल. मुलुंड पूर्वेची निशिगंध सोसायटी. गुणाजी तिथले पगारी माळी नव्हेत. वय चौऱ्याहत्तर, गाव देवगडकडचं, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात रखवाली केली, आणि निवृत्त झाल्यावर एक दिवस सोसायटीच्या बागेचा पाइप हातात घेतला, तो आजतागायत सोडलेला नाही. सोसायटीने मध्ये पगारी माळी ठेवून पाहिले. तीन आले. तिघांनाही गुणाजींनी पाणी कसं घालायचं ते शिकवलं, आणि तिघेही पळाले.

बी विंगमधल्या मीराबाई म्हणजे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी बागेतल्या झाडांसाठी सत्तावीस पाट्या करून आणल्या. वर मराठी नाव, खाली शास्त्रीय नाव तेही देवनागरीत, आणि त्याखाली झाडाचा मूळ देश. बांधायचं काम अर्थातच गुणाजींचं. पहिलीच पाटी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "बाई, ही दोन-दोन नावं कशाला एकाला?"

"काका, पहिला शब्द म्हणजे आडनाव समजा. दुसरं त्याचं स्वतःचं नाव."

"म्हणजे आमच्या शाळेच्या हजेरीसारखं. धुरी गुणाजी, हजर."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या, आणि घात झाला.

कारण गुणाजींसमोर आडनाव हा शब्द काढायचा नसतो. नवा माणूस भेटला की ते आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग वाडी, मग वाडीतलं घर वरच्या अंगाला की खालच्या, आणि कुठेतरी नातं लागल्याशिवाय त्याला खुर्ची देत नाहीत. गॅसचा सिलिंडर द्यायला आलेला माणूस एकदा त्यांच्या आत्येच्या दिराच्या गावचा निघाला, तो जेवूनच गेला. खाली त्याची गाडी तासभर अडून राहिली. अशा माणसाच्या हाती बाईंनी सबंध बागेची आडनावं दिली.

आठवडाभर गुणाजी नुसते फुलले होते. गुलमोहर मादागास्करचा. सदाफुलीही तिथलीच. "गाववाले आहेत, म्हणून शेजारी शेजारी राहून भांडण नाही," ते म्हणाले. चाफा मेक्सिकोच्या बाजूचा, झेंडूही तिथलाच, बोगनवेल ब्राझीलची. सोसायटीला ज्याचं नाव तो निशिगंधसुद्धा मेक्सिकोचा निघाला. गेटवरचा वॉचमन सहदेव हिरमुसला.

"काका, मग आपल्यातलं आहे तरी कोण?"

"तुळस आहे ना. आणि बाकीचेही आता आपलेच रे. चारशे-पाचशे वर्षं राहिल्यावर कोण कुणाला रेशनकार्ड विचारतो?"

आणि मग आली रबराच्या झाडाची पाटी. त्याच सकाळी त्यांनी गेटजवळच्या वडाला पाटी बांधली होती: फायकस बेंगालेन्सिस. आता लॉबीत, कुंडीतल्या त्या गुळगुळीत पानांच्या, तेल लावून बसल्यासारख्या झाडाच्या पाटीवर लिहिलेलं: फायकस इलास्टिका. आडनाव एक. इतकी वर्षं ज्याच्या कुंडीत लोक चहाचे कप विसरत होते, तो वडाचा भाऊबंद. संध्याकाळपर्यंत आणखी तीन निघाले. पंप-रूममागचा उंबर, पाण्याच्या पाइपाला धरून उगवलेला पिंपळ आणि चक्क कुंपण म्हणून कापतात ती बारीक पानांची झुडपं. सगळे फायकस.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. धुऱ्यांच्या घराण्याचं देवक वड. लग्नाच्या मांडवात आधी देवक पुजायचं, त्याला कुऱ्हाड लावायची नाही, आणि मुख्य म्हणजे ज्यांचं देवक एक ते एकमेकांचे भाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही. हे गुणाजींना सातवीच्या पुस्तकापेक्षा पक्कं पाठ. त्यामुळे दुसऱ्या दिवशी कुंपण कापणाऱ्याला त्यांनी चप्पल काढायला लावली. बायको रुक्मिणी हिने केरसुणी रबराच्या कुंडीला टेकवली, ती उचलून म्हणाले, "अगो, आपल्या देवकाच्या घरातलो आसा तो."

"मग त्याका जेवूक बोलवा," रुक्मिणी म्हणाली.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. शनिवारी दुपारी नितेश आला तेव्हा हसणं संपलं.

नितेश पालव म्हणजे बोरिवलीचा मुलगा. गुणाजींची नात मानसी आणि तो वांद्र्याला एकाच ऑफिसात. दोन वर्षं दोघांनी घरच्यांची समजूत घातली होती. उंची, पगार, पत्रिका, मांसाहार, सगळ्या चाळण्यांतून पोरगा पार पडला होता, आणि रविवारी त्याच्या घरची माणसं सुपारी फोडून तारीख धरायला येणार होती. तो आला होता ते मिठाईचे किती बॉक्स लागतील हे विचारायला. जाता जाता म्हणाला, "आजोबा, आजीने विचारायला सांगितलंय, तुमचं देवक कुठलं?"

"वड," मानसीचा बाबा निलेश म्हणाला. "तुमचं?"

"उंबर."

"बरं झालं, वेगळं आहे," निलेश म्हणाला आणि पुन्हा बॉक्स मोजायला लागला. मानसी हसली. रुक्मिणी चहा गाळायला गेली. एकट्या गुणाजींच्या डोळ्यांसमोर पंप-रूममागची पाटी आली. फायकस रेसमोसा. आपल्याच हाताने, डबल तार घालून बांधलेली पाटी.

ते चप्पल घालून थेट बी विंगमध्ये गेले.

"बाई, वड आणि उंबर खरंच एका आडनावाचे? छापणाऱ्याची काही चूक?"

बाईंना काय ठाऊक कशासाठी विचारतायत. त्यांना विद्यार्थी मिळाल्याचा आनंद. "चूक कशी होईल काका? अगदी पक्कं. खूणच आहे ना त्या घराण्याची. फुलं बाहेर दाखवत नाहीत, फळाच्या आत लपवतात. वड तसाच, उंबर तसाच, अंजीरही तसंच. जगात आठशेच्या वर आहेत फायकस."

"आठशे," गुणाजी म्हणाले. एवढी मोठी भावकी तर सबंध देवगड तालुक्यात नव्हती. "आणि यांच्यात कुणाचं... म्हणजे कुणी दत्तक वगैरे गेलेला? उंबर?"

"दत्तक?"

"नाही, सहज."

घरी परतले तर मानसी उद्या कुठली साडी नेसायची ते आजीला विचारत होती. दोन साड्या पलंगावर पसरलेल्या. "आजोबा, तुम्ही सांगा. हिरवी की जांभळी?" लहानपणी ती त्यांच्या बोटाला धरून बागेत यायची आणि मोगऱ्याला स्वतःच्या वॉटरबॅगेतलं पाणी घालायची. गुणाजींनी तोंड उघडलं ते सांगायलाच, की पोरी, तो तुझा भाऊ लागतो. पण बाहेर आलं ते, "हिरवी."

रविवारी सकाळी सहाला ते पक्कड घेऊन पंप-रूममागे गेले, उंबराची पाटी सोडवली आणि मोटारीमागे उलटी करून ठेवली. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच लबाडी केली होती, आणि तीही एका झाडाशी. सहदेवने विचारलं, "काका, पाटी कुठे चालवली?" तर म्हणाले, "धुवायला." पाटी पत्र्याची होती आणि चार दिवसांपूर्वीच लागलेली.

अकराला पालव मंडळी आली. नितेशची आजी सुलक्षणा पुढे, हातात काठी, पण ती टेकायला नव्हे, दाखवायला. लिफ्टकडे वळायच्या आधीच तिला पाट्या दिसल्या.

"अरे वा, झकास. थांबा रे, वर कुठे पळताय, मला वाचू दे."

आणि ती सगळ्यांना घेऊन बागभर फिरायला लागली. काठीने पाटी दाखवायची, मोठ्याने वाचायची. कर्दळ, चाफा, गुलमोहर. गुणाजी तिच्या आणि पंप-रूमच्या मध्ये राहायचा प्रयत्न करत होते. "वर सरबत गरम होईल," असंही म्हणून बघितलं. पण म्हातारी पंप-रूमला वळसा घालून उंबरासमोर उभी राहिलीच. तिने हात जोडले, डोळे मिटले, उघडले, आणि बुंध्याकडे पाहिलं.

"ह्याला पाटी नाही?"

गुणाजींनी खिशातली पक्कड आणखी आत ढकलली.

"घाणेरीच्या झुडपाला आहे. त्या कुंपणाला आहे. आमच्या देवकाला नाही?" ती नितेशकडे वळली. "बघ रे. काल देवक विचारलंस, सांगितलंस, आणि आज हे. तार तर दिसतेय, म्हणजे होती आणि काढली."

"आजी, पडली असेल गं," नितेश म्हणाला.

"पक्कडीने पडली?"

निलेश घामाघूम झाला. मानसीचा चेहरा हिरव्या साडीच्या वर पांढरा पडत चालला होता, आणि ती आजोबांकडेच बघत होती, कारण त्या बागेतली तार कोण सोडवू शकतं हे तिला ठाऊक होतं. ते बघणं गुणाजींना सोसवलं नाही. ते पंप-रूममध्ये गेले, मोटारीमागून पाटी काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि सुलक्षणाच्या हातात दिली.

"मी काढली. अपमान करायला नव्हे. वाचा."

"फायकस रेसमोसा. बरं, मग?"

"आता तिकडे गेटवर आमच्या वडाची वाचून या. जाऊ नका, मीच सांगतो. फायकस बेंगालेन्सिस. पहिलं ते आडनाव. बाईंना दोनदा विचारलं, पक्कं आहे म्हणाल्या. तुमचं आणि आमचं देवक एका घरातलं. म्हणजे ही दोघं..." पुढचं त्यांना बोलवेना. त्यांनी काठीसारखं बोट मानसीकडून नितेशकडे नेलं आणि परत आणलं.

नितेशने डोक्याला हात लावला. "वाट लागली."

"बाबा, तुम्ही काय बोलताय?" निलेश म्हणाला. "कालपर्यंत वड वेगळा, उंबर वेगळा होता."

"पाटी नव्हती तोवर."

सुलक्षणा हसली नाही. ती मोडीत काढेल तर हसून काढेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण देवकाची गोष्ट तिलाही हसण्यावारी नेता येईना. ती पाटी पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मानसीने नितेशकडे पाहिलं, नितेशने चपलेच्या टोकाकडे.

तेवढ्यात रुक्मिणी, जी वर सरबतावर झाकण ठेवून मंडळी का येत नाहीत ते बघायला खाली उतरली होती, तिने पदर खोचला आणि ती पाण्याच्या पाइपाकडे चालू लागली. पाइपाला धरून उगवलेल्या पिंपळाची पाटी तिने वाकून बघितली. ती चौथी शिकलेली, अक्षरं जुळवत वाचते, म्हणून सगळ्यांना ते नाव हळूहळू ऐकू आलं.

"फा-य-कस. फायकस रि-लि-जि-ओ-सा." ती वळली. "माझ्या म्हायरचा देवक काय?"

गुणाजींनी धोतराचा सोगा सारखा केला.

"सांगा सगळ्यांका. एकावन वर्सांपूर्वी मांडवात तुमच्याच काकान विचारल्यान, तुमच्यासमोर. काय सांगितला आमच्या बापाशीन?"

"पिंपळ," गुणाजी अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"म्हणजे एकावन वर्सां मी भावाच्या घराक भाकरी भाजतंय? आणि ह्यो कोण मग?" तिने निलेशच्या दंडाला धरून त्याला पुढे ओढलं. पन्नाशीला आलेला निलेश, ऑफिसात चाळीस माणसं हाताखाली, शाळेत उभं केल्यासारखा उभा राहिला.

सहदेव गेटवरून हळूच जवळ सरकला होता. वर बी विंगच्या गॅलरीत मीराबाई कपडे वाळत घालता घालता थांबल्या होत्या, आणि दत्तकाचा प्रश्न आत्ता कुठे त्यांच्या ध्यानात येत होता. गुणाजी पिंपळाकडे बघत होते. चार दिवसांपूर्वी ती पाटी त्यांनी स्वतः बांधली, नातं जुळल्याच्या आनंदात कुंपणवाल्याला चप्पल काढायला लावली, आठशे घरांची भावकी मोजली, आणि जिच्या हातचा चहा पिऊन हे सगळं केलं तिचं माहेर काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. साऱ्या जगाला आडनाव विचारायची त्यांना सवय होती. घरात विचारायची वेळच कधी आली नव्हती.

मानसीला आधी हसू फुटलं. मग नितेशला. सुलक्षणाने काठी दुसऱ्या हातात घेतली, उंबराची पाटी गुणाजींच्या हातात परत ठेवली आणि बोटाने दाखवलं, बांधा. गुणाजींनी खिशातून पक्कड काढली आणि तार पुन्हा आवळायला घेतली, या वेळी तिहेरी.

"हं," सुलक्षणा म्हणाली. "आता ह्यांची एकावन्न वर्षं तर काही परत होत नाहीत. तेव्हा स्पष्ट सांगा, वर जाऊन सुपारी फोडायची की नाही? मी तुम्हाला व्याही म्हणू की भाऊबंद?"

गुणाजींनी तारेचं टोक वाकवून आत दडवलं, पाटी सरळ आहे का ते मागे सरून पाहिलं, आणि म्हणाले, "व्याही म्हणा. पण लग्नाच्या जेवणात वांगं-बटाट्याची भाजी नको, दोघांचं आडनाव सोलॅनम आहे, त्यापेक्षा काळ्या वाटाण्याचं सांबारं करा."