नारळ फोडून झाल्यावर

दसऱ्याला पिंपळगावच्या द्राक्षव्यापाऱ्याने आपल्या नव्या कोल्ड स्टोरेजचा नारळ माझ्या हातून फोडून घेतला. दिवाळीनंतर मी तिथे माल तपासायच्या नोकरीवर रुजू होणार होते. मी हो म्हटलं होतं, बाबांनी गावभर सांगितलं होतं. आमच्या दिंडोरीच्या बागेचा माल वर्षानुवर्षं हेच शेठ उचलत. "घरचीच पोरगी हाय, तिच्याच हातनं होऊ द्या," म्हणाले.

त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. ज्या प्रयोगशाळेची आशा मी सोडून दिली होती, तिथली नोकरी. जे शिकले तेच काम, पगारही जास्त. खरं तर नाचायला हवं होतं. मी बाथरूमचं दार लावून बसले.

आमच्या घरात सगळ्यात मोठी शिवी म्हणजे शब्द फिरवणारा. द्राक्षाचा सौदा तोंडीच होतो. काढणीचा दिवस ठरतो, शेतकरी थांबून राहतो, आणि बाजार पडला की एखादा व्यापारी फोनच उचलत नाही. अशांचा बाबा जेवताना उद्धार करायचे. आता त्यांच्याच शेजारी जेवायला बसून मी काय सांगणार होते? दिवाळीत शेठकडून मिठाईचा बॉक्स आला. आईने काजूकतली हातावर ठेवली, ती मी गुपचूप परत बॉक्समध्ये ठेवली. वर बाबा विचारत होते, "जायला-यायला स्कूटी बघायची का?" जीव नुसता कोंडला होता. रागही यायचा. नोकरीच धरली होती ना, सोयरीक तर नव्हती केली!

शेवटी भाऊबीजेला सांगून टाकलं. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. "शेठला तूच सांग. मी नाय सांगणार," एवढंच म्हणाले.

शेठसमोर पाठ केलेलं सगळं विसरले. कसंबसं सांगितलं. त्यांनी चहा मागवला आणि मी तो संपवेपर्यंत ते फोनवर दुसऱ्याच कुणाशी बोलत राहिले. मग म्हणाले, "पुणं लांब हाय. नीट राहा." आमच्या मालाचा विषय त्यांनी काढला नाही. माझं विचारायचं धाडस झालं नाही.

पुण्याला गेले, पण जीव बागेत अडकलेला. माझ्यामुळे त्यांनी माल उचलला नाही तर? संक्रांतीनंतर शेठ येऊन बाग बघून गेले, सौदा ठरला. काढणीच्या तोंडावर बाजार पडला आणि माझं जेवणावरचं लक्षच उडालं. रोज आईला फोन, रोज तोच प्रश्न. ती बिचारी वैतागली.

ठरल्या दिवशी सकाळीच शेठची काढणीची टोळी बागेत हजर झाली. भावही ठरलेलाच. संध्याकाळी बाबांनी स्वतः फोन केला.

"माल गेला," ते म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"शेठनी शब्द पाळला."

माझ्या शब्दाचं त्यांनी काही काढलं नाही, आणि मला फोन ठेवताही येईना.