डॉक्टरीणबाईंचा पगार

डॉ. दीपमाला मूळच्या निफाडच्या. पेठ तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात त्या कंत्राटी डॉक्टर आणि मी नर्स. शेजारच्या केंद्रातल्या कायम डॉक्टरांइतकंच काम, पगार मात्र त्यांच्या निम्मा आणि तोही कधी येईल याचा भरवसा नाही. नाशिकला लग्नकार्यात गेल्या की नातेवाईक म्हणायचे, "सरकारी नोकरी! मज्जा आहे बुवा तुझी!" बाई नुसत्या हसायच्या. त्या नातेवाइकांना आमच्या गळक्या क्वार्टरमध्ये एकदा मुक्कामाला बोलवावं, असं मला फार वाटायचं.

यंदा पगार पुन्हा रखडला. दिवाळी तशीच गेली. जिल्ह्यातल्या कंत्राटी डॉक्टरांनी ठरवलं की रुग्णांचे हाल नकोत, काम चालू ठेवायचं आणि निषेध म्हणून दंडाला काळी फीत लावायची. बाईंनीही लावली. यात त्यांचं काय चुकलं ते मला कुणीतरी सांगावंच.

आमच्या भागात हा प्रकार कुणाला ठाऊक नव्हता. जो येईल तो घाबरून विचारायचा, घरात कोण वारलं? शेवटी आमचा शिपाई चंदर दारातच सांगू लागला, "कोनी मेलं नाय. बाईला सरकार पगार देत नाय. फुकट राबते बिचारी." लोक हळहळायचे आणि रांगेत बसायचे. आम्हालाही बरं वाटायचं, निदान कुणाला तरी कळतंय.

त्याच आठवड्यात वरच्या पाड्यावरची चिमणाबाई आली. झोळीत वर्षाची नात, काखेत पाय बांधलेली कोंबडी. बाईंनी झोळी सोडली, छातीला नळी लावली, पुन्हा लावली. पोर वाटेतच गेली होती.

"एवढं होईपर्यंत थांबलात? आधी का नाही आणलंत, आजी?" बाई ओरडल्याच.

"आनली व्हती ना," चिमणाबाई म्हणाली. "परवा रांगेत बसले व्हते. ह्यो बोलला, तुमाला पगार नाय. मंग रिकाम्या हातानं कसं दाखवू? आमच्यात भगताकडं बी कोनी रिकामं जात नाय. घरी गेले. आज बाजार व्हता, नागली इकली, ही घेतली."

चंदर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माझ्या डोक्यात संताप मावत नव्हता. ज्यांनी पगार अडवला त्यांच्या कचेरीची पायरी ही म्हातारी कधी चढली नसती. तिला रिकाम्या हाताची लाज वाटली ती आमच्यापुढे.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. चिमणाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं आणि कोंबडी टेबलावर त्यांच्यापुढे सरकवली.

"एकच भेटली," ती म्हणाली. "कमी पडली का, बाई?"