उलटा फिरलेला पंखा

माझी धाकटी बहीण पंखे आणि मिक्सर दुरुस्त करते. गल्लीत तिचं नावच पडलंय, पंखेवाली. गिऱ्हाइकाच्या घरी गेली की हिचा एकच हट्ट, घरातल्या मुलीला बोलवा. तेरा-चौदा वर्षांची पोरगी लाजत आली की तिच्या हातात स्क्रू ड्रायव्हर द्यायचा. "उघड गं. चावत नाही तो." त्यातल्या दोघी पुढे इंजिनिअर झाल्या. ती ते सांगून थकत नाही, आम्ही ऐकून थकलो.

आणि हिच्या स्वतःच्या लेकीनं काय करावं? अकरावीची शाखा निवडायच्या फॉर्मवर सायन्स सोडून कॉमर्स लिहिलं! फॉर्म पाचच्या आत शाळेत द्यायचा होता. चार वाजून गेले होते आणि बहीण दुकानात नुसत्या येरझाऱ्या घालत होती.

"लोक काय म्हणतील गं, ताई?"

"लोक गेले खड्ड्यात. आधी तिला विचार, का म्हणून."

विचारलं. पोरगी तिथंच बाकावर बसलेली. एकदम फुटली. "मला नाही जमत. मी काही हातात घेतलं की तू ओढून घेतेस. सरक, मी करते, उशीर होतोय. लहानपणापासून हेच!"

बहिणीचा चेहरा खर्रकन उतरला. मला तिचा संताप आला आणि कीवही आली. गावभरच्या पोरींना धीर देत फिरली बाई, आणि घरातलीला एक स्क्रू पिळू दिला नाही.

तिनं एक बंद पंखा लेकीपुढे ठेवला, नवा कपॅसिटर दिला आणि स्वतःचे हात काखेत दाबून बसली. माझा जीव घड्याळाकडे. साडेचारला पोरीनं पंखा आकड्याला टांगून बटण दाबलं. फिरला, पण उलटा! बहीण ताडकन उठली. मी तिचं मनगट धरलं. "बस खाली."

पोरगी पंख्याकडे बघत राहिली. "थांबा. वायरींची अदलाबदल झालीय." आणि तिनं पुन्हा सगळं उघडलं.

पावणेपाच झाले. बहीण फॉर्म घेऊन दारात चुळबुळत होती. "अगं, हा फॉर्म..."

"तूच देऊन ये ना. हे अर्धवट टाकून मी कशी उठू?"

"मग... कॉमर्सच राहू दे?"

पोरीनं मानही वर केली नाही.

"खोड ते. सायन्स लिही. आणि पळ आई, शाळा बंद होईल."