जपून ठेवलेले बूट

पुतणीच्या लग्नाला हॉलच्या पायऱ्या चढत होतो. मागे वळून पाहिलं, तर प्रत्येक पायरीवर काळा चुरा. माझ्याच बुटांचे तळ सांडत होते!

दादाने पहिल्या पगारातून मला घेतलेले बूट. सत्तावीस वर्षं खोक्यात ठेवले, दर दसऱ्याला पॉलिश केलं आणि पुन्हा खोक्यात. आज त्याच्या मुलीचं लग्न, पण तो नाही, म्हणून पहिल्यांदा घातले.

हॉलबाहेर चपला शिवणारे काका म्हणाले, "साहेब, हा सोल न वापरूनच सडतो. घातले असते तर टिकले असते."

अस्सा संताप आला स्वतःचा! चांगलं काही हाती आलं, की आपण ते आधी उचलून ठेवतो. नव्या कपबशा पाहुण्यांना, आणि घरातली माणसं जन्मभर कान तुटलेल्या कपातून चहा पितात.

दादा दर दिवाळीला विचारायचा, "बूट चावतात का रे?"

"छे, जपून ठेवलेत," मी ऐटीत सांगायचो.

तो "बरं" म्हणायचा आणि पुन्हा एकदा माझ्या झिजलेल्या चपलांकडे बघायचा.