आडव्या बाटलीचं मतदान

गावच्या स्टँडवरचं देशी दारूचं दुकान बंद करा म्हणून आम्ही बायका आमदारांच्या दारात जाऊन बसलो होतो. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, हा लोकांचा प्रश्न आहे, लोकांनीच ठरवावा, मी कोण मधे पडणार? आम्हाला केवढं बरं वाटलं. आम्ही सह्या गोळा केल्या आणि बायकांच्या मतदानाचा दिवस निघाला. चिठ्ठीवर दोन चित्रं असणार होती. दुकान राहू द्यायचं तर उभी बाटली, बंद करायचं तर आडवी.

मला आडवी बाटली हवी होती ती थोरल्या जाऊबाईंसाठी. दीर प्यायले की त्यांच्यावर हात उचलायचे. ऊसतोडीला गेल्यावर फडात चारचौघांत तरी ते जरा आवरून असत. यंदा दोघं निघाली तेव्हा जाऊबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दुकान बंद झालं तरच मी ह्या घरात माघारी यीन."

मतदान आलं तेही नेमकं तोडीच्या हंगामात. निम्मं गाव फडावर. त्यात तहसीलमधून आलेल्या साहेबांनी नियम सांगितला. नुसत्या आलेल्या बायकांच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. फडावरच्या बायका आल्याशिवाय तेवढी मतं भरणारच नव्हती. तारीख पुढं ढकला म्हणून आमदारांना फोन केला, तर लोकांच्या निर्णयात आपण ढवळाढवळ करत नाही म्हणाले. इतका सोवळा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग बायकांना एक दिवस मतदानाला सोडा म्हणून ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांना फोन लावले. काहींनी नाही म्हटलं, काहींनी उचललेच नाहीत.

मतदानादिवशी दुकानवाल्याची माणसं शाळेच्या फाटकासमोर खुर्च्या टाकून बसली होती, येणाऱ्या प्रत्येकीचं तोंड बघत. माझं सगळं लक्ष रस्त्याकडे. फाटक लावायची वेळ झाली तेव्हा जाऊबाई धावत आल्या, एकट्याच, दिरांना न सांगता. हात उसाच्या पाचटानं चिरलेले. त्या मत देऊन बाहेर येईपर्यंत मी रडत होते.

मोजणी तिथंच झाली. उभ्या बाटलीला अगदी किरकोळ मतं. आम्ही टाळ्या वाजवल्या, तर साहेब म्हणाले, थांबा. आडवीला यादीच्या निम्मी मतं भरलेली नाहीत, दुकान चालू राहील.

जाऊबाई पुढं झाल्या. "म्हंजी आमच्या टोळीतल्या बाया तिकडं ऊस तोडीत हायेत, अन् त्यांचं मत हितं उभ्या बाटलीला पडलं. असंच ना सायेब?"

साहेब कागद गोळा करत राहिले.

बाहेर आल्यावर जाऊबाईंनी मला त्यांच्या माहेरच्या गाडीची वेळ विचारली. घरी चला म्हणायला मला तोंड नव्हतं. माहेरची गाडी दुकानासमोरच थांबते. ती येईपर्यंत आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो.